जळगावात सिंधी कॉलनी वसली १९४७ नंतर, पण खानदेशच्या राजधानीत 'सिंधीपुरा' त्याच्या पावणेचारशे वर्षं आधीच होता

जळगावच्या कुठल्याही रिक्षावाल्याला सिंधी कॉलनी सांगा, तो पुढचा पत्ता न विचारता नेऊन सोडतो. धुळ्यात तेच काम कुमार नगर हे नाव करतं. या वस्त्या कशा झाल्या हेही सगळ्यांना माहितीये. १९४७ ला फाळणी झाली, सिंध प्रांत पाकिस्तानात गेला, तिथले हिंदू सिंधी घरदार सोडून भारतात आले, त्यातली काही कुटुंबं रेल्वेच्या वाटेनं खानदेशात उतरली आणि इथलीच झाली.

पण रावेरच्या पुढे, जेमतेम पंचवीस किलोमीटरवर बऱ्हाणपूर लागतं. या शहराला जुना तट आहे आणि तटाला दरवाजे आहेत. शनवारा, इतवारा, लोहारमंडी, शिकारपुरा अशी त्यांची नावं. त्यातल्याच एका दरवाजाचं नाव आहे सिंधीपुरा.

आता कुणालाही वाटेल की हेही फाळणीचंच प्रकरण असणार. तर नाही. हा तट बांधला गेला १७२८ ते १७३१ च्या दरम्यान, आणि सिंधीपुरा ही वस्ती तर या तटापेक्षाही दीडेकशे वर्षं जुनी आहे. म्हणजे शिवाजी महाराजांचा जन्मही झाला नव्हता, मुघलांनी अजून खानदेश जिंकला नव्हता, तेव्हा खानदेशच्या राजधानीत सिंधहून आलेल्या लोकांची वेगळी वस्ती होती.

हे लोक कोण होते, ते हजार किलोमीटरवरून इथं का आले आणि खानदेशच्या सुलतानानं त्यांना जागा का दिली, हे समजून घ्यायचं तर आधी बऱ्हाणपूर समजून घ्यावं लागतं.

आजच्या पिढीला बऱ्हाणपूर म्हणजे मध्य प्रदेशातलं एक जिल्ह्याचं गाव. मावा जिलेबी, दराबा, भुसावळ-खंडवा रेल्वेमार्गावरचं एक स्टेशन. पण खानदेश हा शब्द जेव्हा राज्याचं नाव होता तेव्हा त्या राज्याची राजधानी बऱ्हाणपूर होती.

त्याचं असं झालं की १३७० मध्ये दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकानं मलिक राजा नावाच्या सरदाराला थाळनेर आणि करवंदचा मुलूख जहागीर म्हणून दिला. थाळनेर म्हणजे आजच्या धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यातलं तापीकाठचं गाव. पुढे दिल्ली कमकुवत झाली तसा मलिक राजा स्वतंत्र झाला आणि फारुकी घराण्याचं राज्य सुरू झालं. आपण खलिफा उमर फारुक यांचे वंशज आहोत असा या घराण्याचा दावा होता, म्हणून फारुकी. मलिक राजा १३९९ ला वारला, त्याची कबर आजही थाळनेरात आहे. त्याचा मुलगा नासिर खान यानं असीरगड जिंकला आणि गडापासून वीसेक किलोमीटरवर तापीच्या काठी नवं शहर वसवलं. खुलताबादला ज्यांची दर्गा आहे त्या सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं नाव त्यानं शहराला दिलं. समोरच्या काठावर झैनाबाद वसलं, तेही त्यांच्या परंपरेतल्या झैनुद्दीन यांच्या नावानं.

थोडक्यात, राजाच बाहेरून आलेला आणि शहराचं नाव बाहेरून आलेल्या संताचं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या काळच्या शहरात 'पुरा' म्हणजे नुसती गल्ली नसायची. एखाद्या सरदारानं, व्यापाऱ्यानं किंवा एखाद्या जमातीनं मिळून वसवलेली ती जवळपास स्वतंत्र वस्ती असायची. तिची आपली मशीद किंवा देऊळ, आपली विहीर, आपला बाजार, आपले मानकरी. मुख्य शहराला लागून असे पुरे वाढत जायचे. औरंगाबादला आजही बेगमपुरा, जयसिंगपुरा ही नावं आहेत, ती याच पद्धतीतून आलेली. पुऱ्याच्या नावात बहुतेक वेळा त्याचा जन्मदाखलाच असतो. तो कुणी वसवला किंवा तिथं कोण राहायचं, हे नावच सांगून टाकतं.

सिंधीपुऱ्याचं नाव तर अगदीच सरळ आहे.

गोष्ट सुरू होते १५४० च्या दशकात. शेरशाह सूरीकडून मार खाऊन बादशाह हुमायून दिल्ली-आग्रा सोडून पळाला आणि सिंधमध्ये शिरला. सिंधवर तेव्हा अर्घून घराण्यातला शाह हसन राज्य करत होता. हा सगळा प्रदेश आधीच पोळलेला होता, कारण वीस वर्षांपूर्वीच याच अर्घूनांनी ठठ्ठा शहर लुटून सिंध ताब्यात घेतला होता. आता हुमायूननं भक्कर आणि सेहवानला वेढे घातले. शाह हसननं उलटा डाव टाकला. हुमायूनच्या फौजेला दाणा मिळू नये म्हणून त्यानं आपलाच मुलूख उजाड केला. दोन राजांच्या भांडणात नेहमी जे होतं तेच झालं. उपाशी मेली ती गावं.

याच धामधुमीत ऑक्टोबर १५४२ मध्ये सिंधच्या उमरकोटला हुमायूनला मुलगा झाला. तो म्हणजे अकबर. हेही लक्षात ठेवा.

त्या काळात सिंधमध्ये पाट नावाचं एक गाव विद्वानांसाठी प्रसिद्ध होतं. काझी, हदीसचे अभ्यासक, सूफी अशा घराण्यांचं ते गाव. लुटालुटीच्या काळात अशा लोकांचं पहिलं मरण असतं, कारण त्यांचं पोट शांततेवर चालतं. मदरशाला देणगी देणारा राहिला नाही, शिकायला येणारी पोरं राहिली नाहीत की विद्वानाकडे उरतं काय? पाटमधून शेख कासिम आणि शेख ताहिर हे दोघं भाऊ कुटुंबकबिल्यासह बाहेर पडले. आधी गुजरात, आणि मग तिथून थेट वऱ्हाडात एलिचपूर, म्हणजे आपलं अचलपूर. तिथं तेव्हा इमादशाही होती आणि बाहेरच्या विद्वानांना तिथं मान होता. कासिम यांना मुलगा झाला तोही एलिचपुरातच, १५५४ च्या सुमाराला. नाव ठेवलं ईसा.

इकडे सिंधमध्ये हाल संपले नव्हतेच. १५५५ मध्ये पोर्तुगीजांनी ठठ्ठा लुटून जाळलं. परत जायचा विचार कुणाच्या मनात असलाच तर तोही तिथं संपला असणार.

वीस-बावीस वर्षं एलिचपुरात गेली. म्हणजे एक अख्खी पिढी तिथं वाढली. आणि मग १५७४ मध्ये अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहानं वऱ्हाड गिळंकृत केला. इमादशाही संपली. ज्यांनी एकदा राज्य बुडताना पाहिलं होतं त्यांच्यावर ती पाळी दुसऱ्यांदा आली. या वेळी त्यांनी वाट धरली ती बऱ्हाणपूरची.

आता बऱ्हाणपूरचा सुलतान काही मोठा बलाढ्य होता असं नाही. उत्तरेला माळवा, पश्चिमेला गुजरात, दक्षिणेला अहमदनगर आणि या सगळ्यांच्या मागून येणारे मुघल. या चौघांच्या मधे खानदेश म्हणजे सुपारी अडकित्त्यात. वऱ्हाडच्या भांडणात नाक खुपसल्याबद्दल निजामशहाच्या फौजेनं बऱ्हाणपूरही लुटलं होतं आणि खंडणी घेऊनच ती परतली होती. तरीही या राज्यानं सिंधहून आलेल्यांना ठेवून घेतलं.

का? नुसतं दयाळूपणा म्हणून सोडून देण्यासारखं हे उत्तर नाही.

फारुकींकडे मोठी फौज नव्हती, मोठा मुलूख नव्हता. त्यांच्याकडे होती ती जागा. सुरत बंदराकडून उत्तरेत जाणारा माल आणि उत्तरेतून दख्खनमध्ये उतरणारा माल, दोन्ही बऱ्हाणपुरातून जायचे. खानदेशचा कापूस दाराशीच होता. अशा शहराला हवी असतात ती हात चालवणारी आणि अक्षर जाणणारी माणसं. सिंध तेव्हा कापडासाठी नावाजलेला प्रांत होता आणि तिकडून आलेल्यांत विद्वानांबरोबर विणकरही होते. विद्वान आले की राज्याला काझी मिळतो, शिक्षक मिळतो, सनद लिहिणारा मिळतो. संत आला की राज्याला प्रतिष्ठा मिळते. आणि ज्या घराण्यानं शहरालाच संताचं नाव दिलंय, त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

१५७६ मध्ये गादीवर आलेला राजा अली खान ऊर्फ आदिलशाह फारुकी या बाबतीत फारच हुशार गडी होता. बऱ्हाणपूरची जामा मशीद त्यानंच बांधली. ही मशीद बघायला गेलात तर आतला एक शिलालेख चुकवू नका. अरबीबरोबर तिथं चक्क संस्कृतात लेख कोरलेला आहे. त्यात फारुकी घराण्याची वंशावळ आहे आणि संवत १६४६, शके १५११ अशी आपल्या पंचांगाची कालगणना आहे. म्हणजे इसवी सन १५८९-९०. मशिदीत संस्कृत शिलालेख ही देशभरात फार दुर्मिळ गोष्ट. आपल्या राज्यात कोण कोण राहतं आणि कुणाला कोणती भाषा कळते याचा हिशोब या माणसाच्या डोक्यात पक्का होता, असं म्हणायला हरकत नाही.

तर अशा शहरात सिंधीपुरा वाढला. त्याचं सगळ्यात मोठं नाव म्हणजे एलिचपुरात जन्मलेला तो मुलगा. त्याला पुढे शाह ईसा जुंदुल्लाह म्हणून ओळखलं गेलं. त्यांचे गुरू होते लष्कर मुहम्मद आरिफ, आणि आरिफ यांचे गुरू ग्वाल्हेरचे मुहम्मद गौस. ज्यांच्या समाधीशेजारी तानसेनाची कबर आहे, तेच हे गौस. ईसा यांनी कुराणावर भाष्य लिहिलं, शिष्य तयार केले आणि १६२१-२२ च्या सुमारास ते बऱ्हाणपुरातच वारले. त्यांचा दर्गा तिथं आजही आहे.

पण खरी मजेशीर गोष्ट वेगळीच आहे. सिंधीपुऱ्यातल्या सूफी मैफलींमध्ये सिंधी भाषेतली पदं गायली जायची. सिंधी भाषेत त्या काळचं लिखित साहित्य फार थोडं सापडतं, त्यामुळे सिंधी साहित्याचा इतिहास लिहिणाऱ्यांना सोळाव्या शतकातल्या सिंधी सूफी पदांचा माग काढत तापीच्या काठापर्यंत यावं लागतं. गाव सुटलं, दोन राज्यं बुडताना बघितली, ईसांसारखी एक पिढी तर सिंध न बघताच मोठी झाली, तरी गाणं सिंधीतच राहिलं. अमेरिकेत जन्मलेल्या पोरांना घरी बसवून मराठी आरत्या पाठ करून घेणाऱ्या आईबापांना हे जास्त सांगायची गरज नाही.

मग आला अकबर.

राजा अली खान १५९७ मध्ये मुघलांच्या बाजूनं दख्खनी फौजांशी लढताना पडला. त्याच्या मुलाचं, बहादूरशाहचं, अकबराशी जमलं नाही. अकबर स्वतः चालून आला, असीरगडाला वेढा पडला आणि जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. दोनशे वर्षांचं फारुकी राज्य संपलं. खानदेशचं नावही काही काळ शहजादा दानियालच्या नावावरून 'दानदेश' झालं होतं, पण ते टिकलं नाही.

बघा, ज्या हुमायूनच्या धावपळीत सिंधी कुटुंबांनी घर सोडलं, त्याच धावपळीत जन्मलेला अकबर साठेक वर्षांनी त्यांच्या नव्या गावाच्या वेशीवर उभा राहिला. आणि या विजयाची नोंद अकबरानं जामा मशिदीत फारसीत कोरून घेतली ती मीर मासूम नामी यांच्याकडून. हे मासूम कुठले? भक्करचे. म्हणजे सिंधीच. सिंधचा इतिहास लिहिणारे म्हणून ते आजही ओळखले जातात. एकाच शहरात सिंधहून जीव वाचवून आलेल्यांची वस्ती आणि त्याच शहरात विजेत्याच्या बाजूनं आलेल्या सिंध्याचं अक्षर. स्थलांतर कधी एकाच दारातून होत नाही.

मुघलांनी बऱ्हाणपूरला खानदेश सुभ्याची राजधानी केलं आणि दख्खनच्या मोहिमांचं ठाणंही. त्यामुळे सतराव्या शतकात इथं परमुलखी लोकांची जत्राच भरली. शहराला पाणी पुरवणाऱ्या, जमिनीखालून जाणाऱ्या कुंडी भंडाऱ्याची आखणी इराणी तज्ज्ञानं केली असं सांगितलं जातं. लोधीपुऱ्यात दाऊदी बोहरा समाजाचं मोठं तीर्थस्थान उभं राहिलं, सैयदी अब्दुलकादिर हकीमुद्दीन यांचा दर्गा. ते १७३० मध्ये वारले, पण आजही त्यांच्या दर्शनाला जगभरातून बोहरा मंडळी येतात.

आणि मग इंग्रज. इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो सुरतेहून जहांगीरच्या दरबाराकडे निघाला तेव्हा त्याची वाट आपल्या खानदेशातूनच गेली. नंदुरबार, थाळनेर, चोपडा, अडावद, यावल, रावेर अशी गावं करत तो नोव्हेंबर १६१५ मध्ये बऱ्हाणपुरात पोचला. आजही एसटीनं याच क्रमानं जाता येईल. एवढं मोठं नाव ऐकून आलेल्या रोला शहरभर मातीची घरं दिसली आणि त्याचा विरस झाला. जहांगीरचा मुलगा परवेझ तेव्हा तिथं होता. रोनं त्याला नजराणा दिला, त्यात दारूच्या बाटल्यांची पेटीही होती. परवेझनं नंतर खाजगीत भेटू असं सांगितलं. रो वाट बघत बसला, पण शहजाद्यानं तोवर त्या बाटल्यांचा समाचार घेतला होता आणि तो भेटण्याच्या अवस्थेत राहिला नव्हता. भेट राहिली, तरी बऱ्हाणपुरात इंग्रजांना वखार घालायची परवानगी मात्र मिळाली. छावणीतल्या सरदारांना लोकरी कापड आणि तलवारी विकायच्या, हा त्यांचा हिशोब.

फ्रेंच व्यापारी ताव्हर्निए पुढे दोनदा इथून गेला. बऱ्हाणपुरात विणलेलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो आणि पार रशिया-पोलंडपर्यंत जातं असं त्यानं लिहून ठेवलंय. इंग्रजांनी १६७४ मध्ये आजच्या जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावलाही वखार घातली, ती कापडासाठीच. धरणगावच्या कापडाचं नाव तर त्याआधी ऐन-ए-अकबरीतच आलंय.

पण एक फरक इथं सांगायला हवा. इंग्रजांच्या वखारीच्या नावानं बऱ्हाणपुरात दरवाजा नाही, सिंधीपुऱ्याच्या नावानं आहे. वखारवाले माल भरून जायला आले होते, सिंधी राहायला आले होते.

शहराचे दिवस मग फिरत गेले. १६३० च्या भीषण दुष्काळात पीटर मंडी नावाचा इंग्रज याच वाटेनं गेला, त्याला रस्त्याकडेला प्रेतं पडलेली दिसली. शाहजहान तेव्हा बऱ्हाणपुरातच होता, त्यानं अन्नछत्रं उघडली. पुढच्याच वर्षी मुमताजमहल इथंच बाळंतपणात वारली. १६८१ च्या सुरुवातीला संभाजी महाराजांच्या काळात हंबीरराव मोहित्यांच्या फौजेनं बहादूरपुरा आणि आसपासचे सतरा श्रीमंत पुरे लुटले. पुरे तटाबाहेर उघड्यावर असण्याची किंमत तेव्हा शहराला कळली. आज दिसणारा तट, सिंधीपुरा दरवाजासकट, त्यानंतर पन्नासेक वर्षांनी पहिल्या निजामाच्या काळात उभा राहिला.

१७६० ला उदगीरच्या लढाईनंतर बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आलं, पुढे शिंद्यांकडे गेलं. १८१८ मध्ये इंग्रजांनी खानदेश घेतला तेव्हा राजधानीचं शहर शिंद्यांच्या ताब्यात होतं. म्हणून कॅप्टन ब्रिग्सनं जिल्ह्याचं ठाणं धुळ्याला केलं आणि तिथं नवी पेठ आखली. बऱ्हाणपूर इंग्रजांना मिळालं ते १८६० मध्ये, आणि ते जोडलं गेलं मध्य प्रांतातल्या निमाड जिल्ह्याला. खानदेशची राजधानी खानदेशाबाहेर राहिली ती अशी. १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम खानदेश झाले, त्यांचेच पुढे जळगाव आणि धुळे जिल्हे झाले.

लोक येण्याचं मात्र थांबलं नाही. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून विणकर कुटुंबं निघाली, ती मालेगाव, धुळे आणि बऱ्हाणपूरला मागावर बसली. खानदेशात उत्तरेकडून आलेल्या कित्येक कुटुंबांचं आडनावच 'परदेशी' आहे आणि त्यातले बरेच जण आज फर्डी अहिराणी बोलतात.

आणि १९४७ ला पुन्हा सिंध. पाटचे शेख गेले होते तेव्हा राजे भांडत होते, या वेळी सीमारेषा आखली गेली. या वेळी निघालेले हिंदू होते. दहा लाखांहून जास्त माणसं. कल्याणच्या लष्करी छावणीत हजारो कुटुंबं उतरली, त्याचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. जळगाव, धुळे, चाळीसगाव, भुसावळ इथं जी कुटुंबं आली त्यांनी सुरुवातीला मिळेल ते विकलं. पुढे कापड, किराणा, होलसेल यात त्यांची नावं झाली.

बऱ्हाणपुरातही ही मंडळी आली. त्यांना कुणी सिंधीपुऱ्यात पाठवलं नाही, त्यांची वसाहत वेगळी झाली आणि तिचं नाव पडलं सिंधी बस्ती. त्यामुळे आज एकाच गावात सिंधीपुरा आणि सिंधी बस्ती असे दोन वेगळे पत्ते आहेत. एक जुन्या तटाच्या बाजूला, एक नव्या वस्तीत. एकाचं नाव सोळाव्या शतकातल्या मुसलमान सूफी आणि विणकरांवरून, दुसऱ्याचं फाळणीत आलेल्या हिंदू कुटुंबांवरून. बऱ्हाणपूर स्टेशनवर उतरून रिक्षात बसणार असाल, तर नुसतं 'सिंधी' म्हणून चालणार नाही, पुढचा शब्दही नीट सांगा.